जोडीची तोंडी परीक्षा

१० मार्च, सोमवार

लुकियाबाईंनी क्लासच्या पहिल्याच दिवशी सांगितलं, रोज इंग्रजीत चार ओळी लिहा, जीभ आपोआप सुटेल. घरी येऊन चार ओळी लिहिल्या. वाचून पाहिल्या तर त्यात मी सकाळी उठलो होतो, दात घासले होते आणि हवा चांगली होती. माझ्या आयुष्यात सध्या जे चाललंय त्यातलं काहीच त्यात नव्हतं. म्हणून ही वही आपल्या भाषेत. शिव्या लागल्या तर हाताशी असाव्यात.

जे चाललंय ते असं. मिर्सिनी उन्हाळा संपला की आयर्लंडला जाणार आहे, कॉर्क नावाच्या शहरात. तिथल्या एका औषधांच्या दुकानात तिला नोकरी मिळाली आहे. बातमी तिनेच दिली, तिच्या मावशीच्या फार्मसीत, काउंटरवर. मी घसा दुखतोय म्हणून गोळ्या घ्यायला गेलो होतो. माझा घसा दुखत नाही. हिवाळाभर दुखला नाही. पण माझ्या टेबलाचा खण आता गोळ्यांच्या पाकिटांमुळे बंद होत नाही.

"सप्टेंबरच्या सुरुवातीला निघू आम्ही," ती म्हणाली.

आम्ही म्हणजे ती आणि तिच्या बॅगा. ती वस्तूंनासुद्धा जीव लावते.

दुकानाबाहेर पडेपर्यंत माझं ठरलं होतं. मीही कॉर्कला जाणार. मामाचा एक जुना दोस्त, हीली, तिथे हॉटेल चालवतो. तरुणपणी तो उन्हाळाभर आमच्या बेटावर राहिला होता आणि मामाने त्याला पोहायला शिकवलं होतं. मामाने लगेच फोन लावला. हीली म्हणाला, स्वागतकक्षात जागा निघेल, पण पोराला बोलता आलं पाहिजे. तोंडी परीक्षा पास करून पाठवा. परीक्षा मे महिन्यात. म्हणून लुकियाबाईंचा क्लास.

मिर्सिनीला यातलं काही सांगितलेलं नाही. एकदम विमानतळावर सांगेन.

आई म्हणाली, "हे तरी पूर्ण करणार का?"

मी दार आपटून खोलीत आलो. कॉलेज मी सोडलं त्याला कारण होतं. दुसऱ्या वर्षाला प्राध्यापकाने फळ्यावर काढलेला पूल चुकीचा होता आणि मी भर वर्गात तसं सांगितलं. आईचं एकच पालुपद: ते भांडण नेमकं परीक्षेच्या आदल्या दिवशीच कसं झालं. जणू काही मी दिवस निवडला.

१३ मार्च, गुरुवार

परीक्षा जोडीने होते. हे मला कोणी सांगितलं नव्हतं. मला वाटत होतं, आत जायचं, बोलायचं, जिंकून बाहेर यायचं. तसं नाही. दोघांना एकत्र आत सोडतात. समोर दोन परीक्षक. एक प्रश्न विचारतो, दुसरा कोपऱ्यात गप्प बसून मार्क देतो. आमच्या घरात हीच पद्धत आहे: बाबा बोलतात, आई कोपऱ्यात बसून ठरवते. आधी प्रत्येकाला वेगळे प्रश्न, मग प्रत्येकाने एका फोटोबद्दल बोलायचं, आणि शेवटी दोघांनी आपसात चर्चा करून एखादा निर्णय घ्यायचा. त्या शेवटच्या भागात म्हणे हेच बघतात, की तुम्ही समोरच्याला बोलतं करता का.

"म्हणजे दुसऱ्याच्या बोलण्याचे मार्क मला?" मी विचारलं.

"दुसऱ्याचं ऐकण्याचे," लुकियाबाई म्हणाल्या. "तुला नवीन वाटेल."

बाईंनी अर्ध्या बेटाला इंग्रजी शिकवलंय. त्यांच्याशी भांडता येत नाही. त्यांना तुमच्या बापाचे मार्कही पाठ असतात.

माझी जोडी त्यांनी पांदेलिसशी लावली. तो सरकारी हॉस्पिटलात नर्स आहे. उंच, आडवा, आणि आवाज असा की पेशंट इंजेक्शनशिवाय झोपत असावेत. प्रश्न विचारला की तो आधी आपल्या हातांकडे बघतो, मग खिडकीकडे, मग परत हातांकडे, आणि मग एक वाक्य बोलतो. वाक्य बरोबर असतं, पण तोवर माझं डोकं तापलेलं असतं. बर्फाची लादी आहे नुसती. त्यालाही प्रमाणपत्र हवंय, परदेशातल्या कुठल्याशा हॉस्पिटलासाठी. कुठल्या देशातल्या, ते मी विचारलं नाही.

२० मार्च, गुरुवार

आज बाईंनी एक कामाची गोष्ट सांगितली. परीक्षेत खरं बोलायची सक्ती नाही. तुमचे वडील काय करतात, हे परीक्षक तपासायला येत नाही. त्याला भाषेशी मतलब. खऱ्याचे शब्द येत नसतील तर ज्याचे येतात ते खोटं बोला, पण भरपूर बोला.

मग विषय दिला: तुमच्या आयुष्यातली महत्त्वाची व्यक्ती. मी ताबडतोब एक होणारी बायको उभी केली. लांब केस, गाताना बेसूर, फार्मसीत काम करते. नाव दिलं नाही. मी काय मूर्ख नाही. सलग बोललो. बाईंनी मध्ये दोनदा हात वर केला तो मला नंतर आठवला.

त्यानंतर पांदेलिस. हात, खिडकी, हात. "मलाही होणारी बायको आहे," तो इंग्रजीत म्हणाला. "ती फार्मसीत काम करते."

मी आपल्या भाषेत विचारलं, "ए, माझी मुलगी का चोरतोस?"

"कोणती?"

"फार्मसीवाली. मी आधी सांगितली ना."

"ती तुझी," तो म्हणाला. "ही माझी."

"मग तुझी बेकरीत घाल. बेकऱ्या काय कमी आहेत गावात?"

त्याने बराच विचार केला. "नाही घालता येणार."

"का?"

"मला दुसऱ्या कशाचे इंग्रजी शब्द येत नाहीत."

हे मला पटलं, पण तत्त्वाचा प्रश्न होता. मी म्हटलं, मीही बदलणार नाही. तो म्हणाला, मग दोन असू देत. बाई म्हणाल्या, एवढ्याशा गावातल्या दोन पोरांच्या दोन फार्मसीवाल्या ऐकून परीक्षकाला वाटेल तुम्ही घोकून आलात. एकीची नोकरी बदला आणि माझं डोकं खाऊ नका. छापा-काटा केला. मी हरलो. माझी आता दंतवैद्य आहे.

घरी येताना जाणवलं, पांदेलिसला स्वतःचं काही सुचतच नाही. मी दिलं म्हणून त्याला निदान एक बायको तरी मिळाली.

२५ मार्च, मंगळवार

सणाचा दिवस. बंदरावरच्या खानावळीत सगळे जेवलो, लसणीची चटणी आणि तळलेला मासा. मग नेहमीप्रमाणे बिलावरून बाबा आणि मामाची झटापट. मामा हात धुवायच्या मिषाने आत जाऊन पैसे देऊन आला होता. बाबांना ते कळल्यावर त्यांनी ते वेटरकडून परत घेऊन मामाच्या खिशात कोंबायचा प्रयत्न केला. मामाच्या शर्टाचं बटण तुटलं. आई म्हणाली, दरवर्षी एक बटण जातं. घरी आल्यावर बाबा दोन तास कोणाशी बोलले नाहीत. त्यांचा अपमान झाला होता, आणि तो मला समजतो.

मिर्सिनी पलीकडच्या टेबलावर होती, मावशीबरोबर. तिने मला हात केला. नंतर लक्षात आलं, माझ्या मागे पांदेलिस उभा होता. त्याला वाटलं असणार त्याला केला. त्यानेही हात केला, बावळटासारखा.

३ एप्रिल, गुरुवार

घसा. मिर्सिनीने गोळ्या न मागताच काढून ठेवल्या. ती मला ओळखते.

"तू लुकियाबाईंकडे जातोस ना," ती म्हणाली. "पांदेलिस आहे तिथे."

"आहे. माझी जोडी."

"त्याला सांभाळून घे रे. वॉर्डात रात्री एकटा पन्नास माणसं सांभाळतो, पण कोणी प्रश्न विचारला की त्याची वाचा बसते. आणि आज त्याला घाई नको करूस, रात्रपाळी करून येणार आहे."

सगळ्या गावाची काळजी करते. हॉस्पिटलातल्या पाळ्यासुद्धा तोंडपाठ. असे फार्मसिस्ट आता राहिले नाहीत.

"तुझी ही परीक्षा कशाला रे पण?" तिने विचारलं.

"बघू," मी म्हटलं, आणि गूढ हसलो. आरशात करून पाहिलं होतं. तिने घशाबरोबर पोटाची एक गोळी दिली.

क्लासमध्ये पांदेलिसला घाई केली नाही. त्याने एका प्रश्नाला उत्तर देईपर्यंत समोरच्या गच्चीवर एका बाईने अख्खी दोरी कपड्यांनी भरली.

२१ एप्रिल, सोमवार

ईस्टरची सुट्टी. बंदरावर मिर्सिनी दिसली, स्कूटर बंद पडलेली. पांदेलिस गुडघ्यावर बसून दुरुस्त करत होता आणि ती त्याच्या डोक्यावर हेल्मेट घालून हसत होती. मी म्हटलं, सरक, मला इंजिनातलं कळतं. दोन वर्षं अभियांत्रिकीला होतो. पाऊण तासाने स्कूटर मेकॅनिककडे न्यावी लागली. पांदेलिसने ढकलली. या माणसाला राग येत नाही, म्हणजे त्याचं कशावर प्रेम नसणार.

८ मे, गुरुवार

सराव परीक्षा. मी आणि लादी. विषय: गावासाठी एक गोष्ट निवडा, बाग की वाचनालय की पोहण्याचा तलाव. मी म्हटलं, तलाव कशाला, समोर समुद्र आहे. बाग कशाला, पाणी कोण घालणार. वाचनालय. संपलं.

बाईंनी घड्याळ दाखवलं. "तीन मिनिटांची चर्चा आहे, तू एका दमात आटपलीस. निर्णय शेवटी घ्यायचा असतो, लेका. तोवर काय काय असू शकतं ते दोघांनी मिळून बोलायचं. पांदेलिसला काय वाटतं?"

"त्याला काय वाटणार?"

"तेच विचारायचं असतं."

मी त्याच्याकडे वळून विचारलं, तुला काय वाटतं. हात, खिडकी, हात. त्याने तोंड उघडलं आणि मी त्याचं वाक्य पूर्ण करून दिलं. मदत म्हणून. बाईंनी वही मिटली.

"स्त्रातिस, तू बोलतोस छान. फक्त एकटाच बोलतोस. परवा त्याने इथे बसून स्वतःबद्दल इतकं सांगितलं. त्यातलं एक तरी सांगशील?"

मी आठवायचा प्रयत्न केला. त्याचं एक क्रियापद चुकलं होतं, ते आठवत होतं. तेवढं सांगितलं. सगळे हसले. मी खुर्ची ढकलून बाहेर पडलो. दार आपटलं, पण त्याला वरून स्प्रिंग आहे. ते सावकाश, आदबीने बंद झालं.

पांदेलिस मागून आला. "कॉफी घेऊ या का?" म्हणाला. "तुला एक सांगायचं होतं."

"इंग्रजीत सांगणार असशील तर संध्याकाळ होईल."

"आपल्या भाषेत सांगतो."

"मला काम आहे," मी म्हटलं. काम नव्हतं.

तो तिथेच उभा राहिला. "तुझी ती दंतवैद्य," तो म्हणाला, "खरी आहे का कोणी?"

मी म्हटलं, तू तुझीचं बघ. तो म्हणाला, बरं.

२३ मे, शुक्रवार

उद्या. आईने माझा पांढरा शर्ट इस्त्री केला. बाबांनी आमच्या रंगाच्या दुकानातून लवकर येऊन मला इंग्रजीत विचारलं, तुझं नाव काय. त्यांना तेवढंच येतं. मी नाव सांगितलं. "पास," ते म्हणाले.

लुकियाबाईंचा फोन आला. परीक्षकाकडे बघू नकोस, पांदेलिसकडे बघ, म्हणाल्या. आणि तो गप्प झाला तर?, मी विचारलं. "तर तू त्याला सोडून पुढे निघून जाऊ शकतोस," त्या म्हणाल्या. "तुला थोडे मार्क कमी पडतील, बहुतेक पास होशील. तो मात्र नापास होईल, आणि या वर्षीची नोकरी जाईल. काय करायचं ते तुझं तू बघ."

माझ्या डोक्यात दुसराच विचार आहे. पास झालो की हीलीला कळवायचं, सप्टेंबरचं तिकीट काढायचं, त्याच विमानाचं. तिची जागा खिडकीची असेल. मी मधल्या सीटवर.

२४ मे, शनिवार

सगळं क्रमाने लिहितो.

बंदराजवळच्या हॉटेलच्या हॉलात परीक्षा. परीक्षक बाई पिकल्या केसांच्या, सौम्य. कोपऱ्यात एक दाढीवाला, कागद घेऊन गप्प. पांदेलिसने सूट घातला होता, तो खांद्यांत घट्ट होता. इथून पुढचं सगळं इंग्रजीत झालं.

बाईंनी आधी त्याला विचारलं, "तुमच्या आयुष्यातल्या महत्त्वाच्या व्यक्तीबद्दल सांगा."

हात, खिडकी, हात. "माझी होणारी बायको," तो म्हणाला. "ती फार्मसीत काम करते. तिच्या मावशीच्या."

मावशी पूर्वी कधी नव्हती. मला वाटलं, शाबास, ऐनवेळी भर घातली.

"मी जेवलो नाही तर ती चिडते. तिच्या हनुवटीवर एक खूण आहे. लहानपणी अंजिराच्या झाडावरून पडली."

"तिचं नाव काय?" बाईंनी सहज विचारलं.

घाबरलेल्या माणसाला खोटं सुचत नाही.

"मिर्सिनी," तो म्हणाला. "सप्टेंबरमध्ये आम्ही कॉर्कला जाणार आहोत."

अंजिराचं झाड आमच्या शाळेच्या मागे होतं. ती पडली तेव्हा मी खालीच उभा होतो. तिचं रक्त बघून मीच चक्कर येऊन पडलो आणि मास्तरांनी आधी मला उचललं.

"आणि तुम्ही?" बाई माझ्याकडे वळल्या. "तुमच्या आयुष्यात कोण महत्त्वाचं आहे?"

दंतवैद्य पाठ होती. लांब केस, बेसूर गाणं, दवाखाना दुसऱ्या मजल्यावर, सगळं. मी तोंड उघडलं.

"एक दंतवैद्य होती," मी म्हणालो.

"होती?"

"आज सकाळपर्यंत."

बाईंनी पुढचा प्रश्न घेतला. दाढीवाल्याने काहीतरी लिहिलं. फोटोत बसथांब्यावर उभी असलेली माणसं होती. मी त्यांच्याबद्दल काय बोललो ते आठवत नाही. ती बराच वेळ उभी आहेत, असं बहुतेक पुन्हा पुन्हा म्हणालो.

मग शेवटचा भाग. बाईंनी आमच्यामध्ये एक कागद ठेवला. तुमची एक मैत्रीण कायमची परदेशी चालली आहे. तिला निरोप कसा द्यायचा ते दोघांनी मिळून ठरवा. कागदावर पर्याय होते: जेवण, भेटवस्तू, समुद्रकाठची पार्टी, फोटोंचं पुस्तक.

हा कागद ज्याने कोणी केला असेल त्याला मी एकदा भेटणार आहे.

पांदेलिसने हातांकडे पाहिलं. खिडकीकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं आणि त्याला सगळं कळलं. मला कळलंय हे त्याला कळलं. "मला वाटतं," तो म्हणाला, "जेवण." आणि थांबला. कपाळावर घाम आला. त्याची वाचा बसली.

मी गप्प बसलो.

खरं तेच लिहायचं तर मी मुद्दाम गप्प बसलो. लुकियाबाईंचं वाक्य कानात होतं: तो नापास होईल. नापास झाला तर कॉर्क नाही. कॉर्क नाही तर ती एकटी जाईल, किंवा जाणारच नाही. एवढा हिशोब माझा तेवढ्या वेळात झाला. अभियांत्रिकीत कधी इतका भराभर झाला नव्हता. बाई घड्याळाकडे बघत नव्हत्या, पण घड्याळ टेबलावर होतं.

मी त्याच्याकडे पाहिलं, कारण दुसरीकडे बघायला काही नव्हतं. तो बोटं एकमेकांत गुंतवून बसला होता आणि अंगठ्याने अंगठा दाबत होता. हा माणूस रात्री पन्नास लोकांना पाणी देतो. मेकॅनिकपर्यंत स्कूटर याने ढकलली होती, माझ्यामुळे. दोन महिने मी याच्या शेजारी बसलो, आणि याने फक्त खरं सांगितलं, एकेका वाक्याने, मला ऐकू जावं म्हणून सावकाश.

"जेवण," मी म्हणालो. "ठीक आहे. बिल मी देणार."

त्याने मान वर केली. "नाही."

"का नाही?"

"ती माझी..." तो म्हणाला. "मी देणार. तू पाहुणा."

"मी पाहुणा? मी तिला तुझ्या आधीपासून ओळखतो. शाळेपासून."

"म्हणून काय झालं? मी तुला बोलावलं. ज्याने बोलावलं तो देतो."

"तू बोलावलं नाहीस. या बाईंनी बोलावलं."

"मग मी आधीच जाऊन देऊन येईन," तो म्हणाला. आवाज चढला होता. त्याला आवाज होता. "वेटरला सांगेन, स्त्रातिसकडून घेऊ नको."

"मी वेटरला त्याआधी सांगेन. वेटर माझा चुलतभाऊ आहे."

"तर माझा अपमान होईल. मी त्या टेबलावर बसणार नाही."

"तुझ्याशिवाय जेवण कसलं? तुझ्याशिवाय ती येणार नाही."

तो थांबला. मीही. मग मी विचारलं, खरंच माहीत नव्हतं म्हणून: "तिला काय आवडेल, तुला काय वाटतं?"

त्याने हातांकडे पाहिलं नाही. "तिला भांडण आवडणार नाही," तो म्हणाला. "तिला वाटेल आपण दोघांनी तिच्याबरोबर बसून खावं. आणि ती स्वतःच पैसे देईल, आपण भांडत असताना. ती तशीच आहे."

"तशी आहे?"

"हो. तुला माहीत नाही?"

"नाही," मी म्हणालो. "मला हे माहीत नव्हतं."

"तरी मी देणार," तो म्हणाला.

"पांदेलिस, तू तर जन्मभर देणार आहेस. हे एकदा मला देऊ दे."

बाईंनी हात वर केला आणि आभार मानले. वेळ संपली होती. बाकीच्या पर्यायांना आम्ही हातही लावला नव्हता. त्या दोघांची तोंडं अशी झाली होती जणू आता खरंच मारामारी होणार. कोपऱ्यातला दाढीवाला पहिल्यांदा बोलला. बाईंना हळूच विचारलं, यांचा निर्णय नक्की काय झाला. "जेवण," पांदेलिस आणि मी एकदम म्हणालो. यात विचारण्यासारखं काय होतं?

बाहेर जिन्यात तो म्हणाला, "तिचे वडील जहाजावर आहेत. ऑगस्टमध्ये येतील. त्यांना समोर बसून विचारल्याशिवाय गावात कोणाला सांगायचं नव्हतं. तुला सांगणार होतो, त्या दिवशी."

"मला काम होतं."

"तुझी दंतवैद्य आधी फार्मसीत होती," तो म्हणाला.

"हो."

"मला वाटलं, तू परीक्षेसाठी बनवून..."

"मलाही तसंच वाटलं, तुझ्याबद्दल."

त्याने टाय सैल केला. त्याला काहीतरी विचारायचं होतं आणि यावेळी मी त्याचं वाक्य पूर्ण केलं नाही. वाट पाहिली. बरीच.

"खरी होती का रे?" त्याने विचारलं.

"नाही," मी म्हणालो. "माझी रचलेली होती."

२६ मे, सोमवार

फार्मसीत गेलो नाही. बाबा डबे लावता लावता म्हणाले, "घसा बरा दिसतोय." म्हणजे घरात त्या दोघांचं माहीत होतं. म्हणजे गावात माहीत होतं. ज्याला माहीत नव्हतं असा एकच माणूस बेटावर होता आणि तो ही वही लिहीत होता.

रागाने काहीतरी फोडावंसं वाटलं. दुकानात फोडण्यासारखे फक्त रंगाचे डबे आहेत आणि ते आपटले की मलाच पुसावे लागतात. दिवसभर एका गिऱ्हाईकासाठी निळ्यात पांढरा मिसळत बसलो.

२७ जून, शुक्रवार

निकाल लागला. पास. जोडीदाराशी संवादाचे मार्क सगळ्यात जास्त. लुकियाबाईंनी दोनदा चष्मा पुसून पाहिलं. पांदेलिसही पास, काठावर.

दुपारी मिर्सिनी दुकानात आली. पहिल्यांदाच ती आली, मी गेलो नाही. "पांदेलिस सांगत होता, तू नसतास तर तो बुडालाच होता," ती म्हणाली. "बाबा येईपर्यंत कोणाला सांगू नकोस हं."

"मी कोणाला सांगणार? मलाच कोणी सांगितलं नव्हतं."

ती हसली. हनुवटीवरची खूण हसताना नाहीशी होते. "आणि ती दंतवैद्य कोण रे? त्याने मला सांगितलं, होती म्हणे कोणीतरी."

"होती एक. ती परदेशी चालली."

"मग तू जायचंस ना मागोमाग. तुझं इंग्रजी तर आता पक्कं."

"विचार होता," मी म्हणालो.

तिला खिडकीसाठी थोडा रंग हवा होता. मावशीच्या घराची, जाण्याआधी रंगवून देणार आहे. मी डबा बांधून दिला. पैसे घेतले नाहीत. तिने काउंटरवर ठेवले आणि मी ते उचलायच्या आत निघून गेली. पांदेलिस म्हणाला होता ते खरं आहे. ती तशीच आहे.

३ जुलै, गुरुवार

संध्याकाळी हीलीचा फोन आला. मामा मुद्दाम आला होता. आई भाजी निवडत समोर बसली. तिला इंग्रजी येत नाही, पण ती लक्ष देऊन ऐकत होती.

हीली गप्पिष्ट निघाला. मामाने त्याला खोल पाण्यात सोडून दिलं होतं तो किस्सा सांगितला. मी विचारलं, मग काय केलंत. तो म्हणाला, बुडालो, मग तरंगलो. मग त्याने कामाच्या वेळा सांगितल्या, खोली कुठे मिळेल ते सांगितलं. मी ऐकत होतो. माणूस बरा वाटला.

"एक सांग," तो म्हणाला. "जगात इतकी शहरं आहेत. तुला कॉर्कलाच का यायचंय?"

या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे मार्चपासून तयार होतं. हिरवळ, प्रेमळ माणसं, जुना इतिहास, लहान शहरात काम शिकायची संधी. बाईंनी तपासून दिलं होतं. त्यात एकही चूक नव्हती.

"मला यायचं नाहीये," मी म्हणालो.

मामाने छताकडे पाहिलं. आईने मामाकडे पाहून विचारलं, काय म्हणाला. मामा म्हणाला, थांब.

हीली रागावला असं वाटलं नाही.

"बरं," तो म्हणाला. "मग तुला कुठे जायचंय?"

असा प्रश्न तयारीत नव्हता. कॉलेज सोडलं तेव्हा कोणी विचारला नव्हता. विचारला असता तर मी आधी दार आपटलं असतं. लुकियाबाई सांगतात, उत्तर सुचलं नाही तर गप्प बसू नका, सरळ वेळ मागा.

"मला एक मिनिट द्या," मी म्हणालो.

"घे की," हीली म्हणाला.

फोन त्याने केला होता, बिल त्याचं, म्हणून मी सावकाश विचार केला.